नेट आहे, पण मेलला पटत नाही

या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले चार लिनक्सवरच्या नेटवर्कचे निघाले, त्यामुळे प्रिंटर आणि मराठी फाँटवाली मंडळी पुढच्या अंकापर्यंत थांबतील. एक आधीच सांगते. आज्ञा आणि फायलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत करायची. मागे एका वाचकांनी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, खरोखरच देवनागरीत आज्ञा दिली, 'सापडत नाही' असं उत्तर आल्यावर मला फोन केला आणि दहा मिनिटं मीच चक्रावले होते. चूक माझी होती, मी सांगितलंच नव्हतं.

प्रश्न : मी निवृत्त ग्रंथपाल, वय ७१. भाच्याने माझ्या जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स बसवून दिलं आणि तो जर्मनीला गेला. दोन वर्षं तक्रार नाही. मेल मी ब्राउझरमध्येच बघायचो. परवा कुणीतरी सुचवलं म्हणून इव्होल्यूशन हा मेलचा प्रोग्राम सुरू केला, तर ते काही केल्या मेल उतरवत नाही. नेटवर्क उपलब्ध नसल्याने ऑफलाइन आहे, एवढंच म्हणतं. त्याच वेळी शेजारच्या खिडकीत मी बातम्या वाचतो आहे, यूट्यूबवर भीमसेन जोशी ऐकतो आहे! केबलवाल्याला बोलावलं. त्याने तार काढून परत घातली आणि "काका, नेट ओके आहे, कॉम्प्युटर बदला" म्हणून निघून गेला. यातलं खरं कोण बोलतंय?
— सहकारनगर

उत्तर : सगळेच. केबलवाला खरं बोलला, ब्राउझर खरं बोलतोय, आणि इव्होल्यूशनला जे सांगण्यात आलं तेही बिचारं प्रामाणिकपणे तुमच्यापर्यंत पोचवतंय. प्रत्येकाने चौकशी वेगळ्या ठिकाणी केली, म्हणून उत्तरं वेगळी आली.

तुम्ही पत्राखाली नंबर दिला होता म्हणून मी रविवारी फोन केला आणि आपण एक प्रयोग केला, तो बाकीच्यांसाठी सांगते. टर्मिनल उघडून 'आयपी मॉनिटर लिंक' अशी आज्ञा दिली. काहीच झालं नाही, नुसता ठिपका लुकलुकत राहिला. मग काकू टेबलाखाली गेल्या (तुमचे गुडघे, त्यांचा उत्साह) आणि त्यांनी तार उपटली. त्याच क्षणी पडद्यावर एक ओळ उमटली. तुम्ही ती मला वाचून दाखवलीत, "ईएनपी३एस०... नो कॅरियर... स्टेट डाउन." मला हसू आलं. १९९९ साली मी बुधवार पेठेत मोडेम विकत होते. फोनची लाइन तुटली की त्या डायल-अपच्या पडद्यावरही हेच दोन शब्द यायचे, 'नो कॅरियर'. काकूंनी तार परत खुपसली आणि दुसरी ओळ आली, 'स्टेट अप'.

ही झाली पहिली खबर, आणि ती देतो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. तारेत जीव आहे की नाही हे त्याला थेट नेटवर्क कार्डाकडून कळतं आणि तो नेटलिंक नावाच्या वाटेने ते जाहीर करतो. ज्याला ऐकायचंय त्याने ऐकावं. त्या विचित्र नावालाही अर्थ आहे. 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी३' म्हणजे ३ क्रमांकाची पीसीआय बस (कार्डं जोडायची संगणकातली वाट), 'एस०' म्हणजे तिच्यावरचा शून्य क्रमांकाचा स्लॉट. पूर्वी नुसतं 'ईटीएच०' असायचं. पण दोन कार्डं असली की कधी हे शून्य व्हायचं तर कधी ते, म्हणून २०१३ पासून जागेवरून नाव द्यायची पद्धत आली. तर केबलवाल्याने पाहिलं ते एवढंच: तार जिवंत आहे.

पण मेलच्या प्रोग्रामला तारेशी काय करायचंय? त्याला हवं असतं 'बाहेर जाता येतं का' याचं उत्तर. ते प्रत्येक प्रोग्रामने स्वतः शोधत बसू नये म्हणून लिनक्सच्या डेस्कटॉपवर एक मधला कारभारी असतो, नेटवर्कमॅनेजर. रेड हॅटने २००४ मध्ये तो सुरू केला. तार लागली, वाय-फाय सापडलं, पत्ता मिळाला, वाट ठरली, या सगळ्यावर त्याची नजर असते. आणि डी-बस नावाची जी सोय आहे, म्हणजे एकाच संगणकातल्या प्रोग्रामांचा आपसातला इंटरकॉम, तिच्यावरून तो विचारेल त्याला स्थिती सांगतो. आकड्यांत सांगतो: २० म्हणजे तुटलेलं, ४० म्हणजे जोडणी चालू आहे, ७० म्हणजे जगाशी जोडलेलं. कोपऱ्यातलं चिन्ह त्यालाच विचारतं. इव्होल्यूशन जीलिब नावाच्या लायब्ररीमार्फत (पुस्तकांची नव्हे, प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार कोडची) विचारतं, आणि ती लायब्ररी नेटवर्कमॅनेजर चालू दिसला की त्याच्याच शब्दावर विसंबते.

आता तुमच्या सोसायटीचा विचार करा. कुणी भेटायला आलं की खालून इंटरकॉम करून वॉचमनला विचारतात, अमुक घरी आहेत का? वॉचमन रजिस्टर बघून सांगतो. पण तुम्ही मागच्या छोट्या फाटकाने आलात तर? तुम्ही घरात चहा पिताय आणि रजिस्टर म्हणतंय, अजून आले नाहीत. वॉचमन खोटं बोलत नाही. त्याच्यासमोरून तुम्ही गेलाच नाहीत.

तुमच्या भाच्याने तुम्हाला मागच्या फाटकाने आत आणलंय. फोनवर मी तुम्हाला 'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' ही आज्ञा द्यायला लावली तेव्हा तुमच्या कार्डापुढे शब्द होता 'अनमॅनेज्ड'. म्हणजे कारभारी म्हणतोय, हे खातं माझ्याकडे नाही. मग 'इटीसी' फोल्डरातल्या 'नेटवर्क'मधली 'इंटरफेसेस' ही फाइल उघडली, तर तिथे भाच्याचं हस्ताक्षर सापडलं: कार्डाचं नाव, त्यापुढे 'स्टॅटिक', खाली पत्ता आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता. तुमच्या केबलवाल्याने ठरावीक आयपी पत्ता दिला होता, तो त्याने जुन्या पद्धतीने थेट फाइलीत लिहिला. डेबियनचा नियम असा की या फाइलीत ज्या कार्डाचं नाव आहे त्याला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. नियम शहाणपणाचा आहे. एका मांडवात दोन कंत्राटदार घुसले तर बांबू एकाचे आणि सुतळी दुसऱ्याची. पण परिणाम असा की कारभाऱ्याच्या वहीत तुमची जोडणी नाही, आणि इव्होल्यूशन वहीवर विश्वास ठेवून गप्प बसतं.

मग ब्राउझर कसा चालतो? तो विचारतच नाही. सरळ निघतो, पोचला तर पोचला. सगळे ब्राउझर कायम असेच होते असं मात्र नाही. २००८ च्या जूनमध्ये आलेला फायरफॉक्स ३ नेटवर्कमॅनेजरला विचारून स्वतःहून ऑफलाइन जायचा. त्या काळात पुष्कळ लोक मोबाइल नाही तर डेटाकार्ड जोडून डब्ल्यूव्हीडायल नावाच्या प्रोग्रामने नेट लावायचे, म्हणजे पुन्हा मागचंच फाटक, आणि फायरफॉक्स म्हणायचा तुम्ही ऑफलाइन आहात. पिजिन नावाच्या गप्पांच्या प्रोग्रामला तर 'नेट आहे असंच धर' हे बजावणारा एक वेगळा पर्यायच होता, 'फोर्स-ऑनलाइन'. इव्होल्यूशनलाही त्याच नावाचा आहे. एवढ्या प्रोग्रामांना असा पर्याय ठेवावा लागला, यावरून दुखणं किती जुनं ते कळतं.

उपाय. सगळ्यात सोपा म्हणजे इव्होल्यूशनच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑनलाइन स्थिती ओळखायची रीत बदलून 'ऑलवेज ऑनलाइन' करायची. एक मिनिटाचं काम. पण मला ते आवडत नाही. उद्या कुणी रस्ता खणताना तार खरंच तोडली, तर इव्होल्यूशन हटून बसेल, नेट आहेच, आणि प्रत्येक खात्यासाठी वेगळी चुकीची सूचना तुमच्या तोंडावर फेकेल. शिवाय उद्या दुसरा एखादा प्रोग्राम हेच रडगाणं गाईल, कारण वही कोरीच राहिली.

त्यापेक्षा पुढच्या फाटकाने या. इंटरफेसेस फाइलीतला पत्ता, नेटमास्क, गेटवे आणि असल्यास डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्याचे) आकडे आधी कागदावर उतरवा. मोबाइलमध्ये फोटो नको, कागदावरच. टाइप करताना एका हातात फोन धरला की आकडे चुकतात, हे मी दुकानात रोज बघते. मग 'सुडो नॅनो'ने ती फाइल उघडून तुमच्या कार्डाच्या प्रत्येक ओळीआधी हॅशचं चिन्ह टाका. ओळी पुसू नका, भाच्याची आठवण राहू दे. 'एलओ' असं लिहिलेल्या ओळी मात्र आहेत तशाच सोडा, त्या संगणकाच्या स्वतःशी बोलण्याच्या आहेत. फाइल साठवून संगणक बंद करून पुन्हा चालू करा. आता सेटिंग्जमध्ये नेटवर्क, तिथे वायर्डपुढचं दातेरी चाक, त्यात आयपीव्ही४, तिथे 'मॅन्युअल' निवडून कागदावरचे आकडे भरा. डीएनएसची चौकट रिकामी सोडलीत तर तार जोडलेली दिसेल पण कुठलीही साइट नावाने उघडणार नाही, आणि तुम्ही पुन्हा केबलवाल्याला बोलवाल.

(ता. क. : अंक छपाईला जाताना यांचा फोन आला. दोन वर्षांची साठलेली मेल एका दुपारी उतरली. आता ती वाचायची कधी, हा प्रश्न या सदरात बसत नाही.)

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा संगणक) लॅपटॉपला थेट केबलने जोडतो. लॅपटॉपवर उबंटू लिनक्स आहे, नेट रूमवरच्या वाय-फायचं. केबल लावली की पायशी बोलता येतं पण नेट जातं. केबल काढली की नेट येतं. पार्टनर म्हणतो वाय-फायचं कार्ड वीक आहे.
— धनकवडी

उत्तर : पार्टनरला चहा पाज आणि गप्प बसव. कार्डाचा दोष नाही.

केबल लावलेली असताना 'आयपी रूट' ही आज्ञा दे. तुला 'डिफॉल्ट'ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील आणि दोन्हींच्या शेवटी 'मेट्रिक' असा आकडा असेल. केबलचा बहुतेक १००, वाय-फायचा ६००. बाहेर जायच्या दोन वाटा दिसल्या की कर्नल लहान आकड्याची घेतो, आणि नेटवर्कमॅनेजर केबलला मुद्दाम लहान आकडा देतो, कारण सहसा तीच जास्त भरवशाची. पण तुझी केबल जाते कुठे? टेबलावरच्या पायपर्यंत. लॅपटॉपचा सगळा कारभार त्या खेळायच्या पत्त्याएवढ्या बोर्डाकडे निघतो आणि तिथे रस्ता संपतो. तू केबलच्या सेटिंगमध्ये हाताने पत्ता भरताना गेटवेची चौकटही भरलीस ना? तिथेच गाडी चुकली. चौकट रिकामी दिसली की भरायचीच, ही परीक्षेची सवय.

गेटवे काढून टाक. किंवा त्याच पानावर, आयपीव्ही४ मध्ये अगदी तळाला, ही जोडणी फक्त तिच्याच नेटवर्कपुरती वापरावी अशा अर्थाची एक चौकट आहे, तिच्यावर टिचकी मार.

पण तुझ्या जागी मी असते तर तिसरंच केलं असतं. केबलच्या आयपीव्ही४ मध्ये 'शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स' निवड. लॅपटॉप स्वतःला १०.४२.०.१ हा पत्ता घेतो, पायला त्याच ओळीतला एक पत्ता वाटून देतो आणि आपल्या वाय-फायचं नेट पायलाही पुरवतो. पाय पत्ता आपोआप घेईल अशा मूळ सेटिंगवर असला पाहिजे, एवढीच अट. मग पॅकेजं थेट पायवरच उतरवता येतील. पेनड्राइव्हची नाचानाच थांबेल. पार्टनरच्या मोबाइलचा डेटाही वाचेल, म्हणजे तो चहा त्यानेच पाजायला हरकत नाही.

प्रश्न : मी बाणेरला सॉफ्टवेअरमध्ये काम करते. घरच्या लॅपटॉपवर फेडोरा लिनक्स आहे. सहज वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम) लावून बघितलं तर मी काही करत नसतानाही दर पाच मिनिटांनी लॅपटॉप बाहेर एका पत्त्यावर जाऊन येतो, आणि तेही साध्या, म्हणजे कुलूप नसलेल्या, एचटीटीपीने. लिनक्सवर आले ती पाळतीला कंटाळून. आता हे काय?

उत्तर : पाच मिनिटं, म्हणजे ३०० सेकंद, हा नेटवर्कमॅनेजरचा ठरलेला ठोका आहे. तार जिवंत आहे, पत्ता मिळालाय, वाटही आहे, पण पलीकडे खरंच इंटरनेट आहे का, हे आत बसून कळत नाही. त्यासाठी कुणीतरी जाऊन बघून यावं लागतं. फेडोराचा लॅपटॉप फेडोराच्या पत्त्यावर एक चिमुकली फाइल मागतो, तिच्यात 'ओके' एवढीच अक्षरं असतात. तीच आली तर स्थिती 'फुल'. भलतंच पान आलं तर 'पोर्टल', म्हणजे मध्ये कुणीतरी आडवं आलंय. काहीच आलं नाही तर 'लिमिटेड'.

साधं एचटीटीपी हा गाफीलपणा नाही, तो मुद्दाम आहे. कॅफेतलं किंवा विमानतळावरचं वाय-फाय तुमची पहिली मागणी अडवून तिथे स्वतःचं मोबाइल नंबर मागणारं पान सरकवतं. कुलूपबंद एचटीटीपीएस असतं तर त्या सरकवण्याने नुसती प्रमाणपत्राची बोंब झाली असती. साध्या मागणीत मात्र बदललेलं पान सरळ दिसतं, आणि नोम डेस्कटॉप ते ओळखून लॉगिनची खिडकी तुमच्यासमोर उघडतो.

दुसरा उपयोग माझ्या घरी गुरुवारी कळतो. दुरुस्तीसाठी लाइट जाते. माझा राउटर इन्व्हर्टरवर, पण शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरचा इंटरनेटवाल्याचा डबा मात्र लाइटवरच. वाय-फायच्या काड्या पूर्ण, नेट शून्य. अशा वेळी चिन्हावर प्रश्नचिन्ह येतं ते याच तपासणीमुळे. वरच्या धनकवडीकरालाही हे लागू आहे: तपासणीत नापास झालेल्या वाटेच्या मेट्रिकमध्ये नेटवर्कमॅनेजर २०,००० मिळवतो. केबलचे १०० झाले २०,१००, की वाय-फायचे ६०० आपोआप पुढे. म्हणजे तपासणी चालली तर थोड्या वेळाने गाडी स्वतःहून रुळावर येते.

आता पाळतीचं. त्या पत्त्याला काय कळतं? तुमचा आयपी पत्ता, आणि तिथे एक फेडोराचा संगणक जागा आहे. तुम्ही काय वाचता, कुणाला लिहिता, यातलं काही त्यात जात नाही. एवढंही नको असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या विभागात ही तपासणी बंद करता येते. मी माझी चालू ठेवली आहे. ज्यांच्याकडून दर काही दिवसांनी अख्खी सिस्टिम उतरवून घेते त्यांना मी जागी आहे हे कळल्याने माझं काय बिघडणार? तुम्ही बंद केलीत तर कॅफेत लॉगिनची खिडकी आपण होऊन येणार नाही. तेव्हा ब्राउझरमध्ये एखादी साध्या एचटीटीपीची साइट हाताने उघडायची, मग ते पान समोर येतं.

प्रश्न : गावी गेलो की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावतो. बाकी सगळं चालतं, पण सॉफ्टवेअरचे अपडेट आपोआप उतरत नाहीत. पुण्यात आलो की उतरतात.
— वारजे

उत्तर : तुमचा फोन चुगली करतो. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट लॅपटॉपला पत्ता देतानाच सोबत 'मीटर्ड' अशी चिठ्ठी सरकवतो, म्हणजे इथे डेटा मोजून मिळतो. नेटवर्कमॅनेजर ती वाचून इतरांना कळवतो आणि नोम सॉफ्टवेअर, म्हणजे अपडेट उतरवणारा प्रोग्राम, आपण होऊन काही उतरवत नाही. रोजच्या दीड जीबीवर अपडेटने डल्ला मारू नये म्हणून ही सोय आहे. तरी हवेच असतील तर त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये ती मीटर्ड असल्याची खूण काढून टाका, नाहीतर नोम सॉफ्टवेअर उघडून अपडेटचं बटण स्वतः दाबा. रात्री बारानंतर दाबलंत तर नव्या दिवसाचा डेटा जाईल, तेवढं सकाळच्या मीटिंगचं बघून ठेवा.